खोलीतला तिसरा

"हे लिवू नगंस बरं का," असं म्हणून आजी पुढची चार मिनिटं बोलत राहिल्या.

वाई तालुक्यातल्या एका गावातली दुपार होती. आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या, समोर मी, आणि मधे उपड्या तांब्याला टेकवून ठेवलेला माझा मोबाइल. विषय कूळकायद्याचा. १ एप्रिल १९५७ या दिवशी कायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं. आजींच्या सासऱ्यांचं नाव मात्र कूळ म्हणून कागदावर लागलंच नव्हतं. ते का लागलं नाही, तलाठ्याकडे कोण जाऊन आलं, कुणाचा अंगठा कुणी उठवला, हे सगळं त्या चार मिनिटांत होतं. ज्यांच्याबद्दल होतं त्यांची नातवंडं दोन घरं सोडून राहतात आणि दावा अजून चालू आहे.

"लिवू नगंस" ऐकल्याबरोबर मी पेन वहीवर आडवं ठेवलं. मुलाखती घेणाऱ्याच्या हाताला ही सवय लागलेली असते. पेन खाली गेलेलं समोरच्या माणसाला दिसतं आणि तो मोकळा होतो. मोबाइलवरचा लाल ठिपका तेवढा लुकलुकत राहिला. खरं सांगायचं तर त्या वेळी तो माझ्याही ध्यानात आला नाही. आला तो रात्री, मुक्कामाच्या खोलीत हेडफोन कानाला लावल्यावर.

टेपा जाऊन किती वर्षं झाली, तरी आमच्या धंद्यात या कामाला अजून 'टेप उतरवणं' असंच म्हणतात. तासाभराची टेप उतरवायला माझ्या हाताला पाच-सहा तास लागतात. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, मागे जायचं. आजींची मुलाखत एक तास बत्तीस मिनिटांची. मुक्कामाच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा माझी ही कसरत बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "काका, ॲपवर टाका की. दहा मिनिटांत सगळं मराठीत टाइप होऊन येतं." त्याने ॲप उतरवून दिलं, फाइल निवडून दिली. निळ्या बटणावर 'अपलोड' असं लिहिलेलं होतं. अंगठा तिथपर्यंत गेला आणि मला ती चार मिनिटं आठवली.

आवाजाचं लेखन करणारं सॉफ्टवेअर वापरायचं की नाही, असा प्रश्न आता उरलेला नाही. आपण सगळे ते वापरतोच. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषा आणल्या, तेव्हापासून कीबोर्डाशी कधी जमलं नाही अशी माणसंही फोन तोंडाशी धरून मुलाबाळांना लांबलचक संदेश पाठवू लागली. ज्यांना कानांनी कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी समोरच्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटणं ही मोठीच सोय आहे. तेव्हा यंत्राला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की निळं बटण दाबल्यावर आजींचा आवाज नेमका जातो कुठे, आणि तिथे कोण बसलेलं असतं.

पूर्वी तो कुठेच जात नव्हता. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र शून्य ते नऊ हे आकडे ओळखायला शिकलं. ते कपाटाएवढं होतं आणि जागचं हलत नव्हतं. १९९७ मध्ये 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' बाजारात आलं. ते घरच्या संगणकावरच चालायचं. आधी त्याच्यासमोर काही मजकूर वाचून दाखवायचा, मग त्याला तुमच्या आवाजाची सवय व्हायची. चुका पुष्कळ करायचं, पण तुमचं बोलणं तुमच्या टेबलावरच राहायचं. त्या वेळचं डायल-अप इंटरनेट बघता दुसरीकडे पाठवायची सोयही नव्हती म्हणा.

पुढे फोन हुशार झाले तेव्हा गंमत अशी झाली की हुशारी फोनमध्ये नव्हतीच. २०११ मध्ये आयफोनवर 'सिरी' आली. आपण फोनशी बोलायचो, फोन ते बोलणं दूरच्या डेटा सेंटरकडे पाठवायचा आणि उत्तर तिकडून यायचं. त्याला कारण साधं होतं. बोलणं ओळखायला लागणारी गणितं त्या वेळच्या फोनला पेलत नव्हती. यात कुणाचा काही डाव होता असं मानायचं कारण नाही. मात्र एकदा आवाज सर्व्हरवर साठायला लागला की त्याचं काय काय करता येईल हे सुचायला वेळ लागत नाही.

काय काय करत होते ते २०१९ मध्ये एकामागून एक बाहेर आलं. एप्रिलमध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की ॲमेझॉनच्या 'अलेक्सा'ने टिपलेले आवाज जगभर हजारो माणसं ऐकतात आणि उतरवून काढतात. ही माणसं बॉस्टनमध्ये होती, कोस्टा रिकात होती, रोमानियात होती आणि भारतातही होती. एकेका पाळीत एकेक जण हजारापर्यंत तुकडे ऐकायचा. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वृत्तवाहिनीच्या हाती 'गूगल असिस्टंट'ची हजारावर रेकॉर्डिंग लागली. त्यातली १५३ अशी होती की त्या माणसांनी असिस्टंटला हाक मारलेलीच नव्हती. यंत्राला उगाच तसं वाटलं आणि त्याने टिपायला सुरुवात केली. शयनगृहातलं बोलणं, घरातली भांडणं, धंद्याचे फोन, सगळं त्यात होतं. एकूण तुकड्यांपैकी सुमारे ०.२ टक्केच तुकडे माणसं ऐकतात, असं गूगलचं म्हणणं. त्याच महिन्यात गार्डियनने सिरीबद्दल तेच छापलं. डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणंही कंत्राटी कामगारांच्या कानी पडत होतं. ऑगस्टपर्यंत मायक्रोसॉफ्ट आणि फेसबुक यांचीही नावं त्या यादीत आली.

या माणसांना बसवलेलं होतं कशासाठी? यंत्राला शिकवायचं तर कुणीतरी बरोबर उत्तर सांगावं लागतं. यंत्राने 'वडा' लिहिलं, माणूस म्हणाला 'वाडा'. ते यंत्राला कळवायला कान माणसाचाच लागतो. म्हणजे आम्ही टेप उतरवणारे जे काम करतो तेच काम ही मंडळी तुकड्यांवर, पाळीने करत होती. फरक इतकाच की आम्ही समोर बसलेले असतो. ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये माफी मागितली आणि यापुढे वापरणाऱ्याने होकार दिला तरच आवाज ऐकू, असं सांगितलं. पुढे या प्रकरणातल्या दाव्यात गैरकृत्य कबूल न करता साडेनऊ कोटी डॉलर देऊन तडजोड करायची तयारी दाखवली. ती बातमी जानेवारी २०२५ ची. त्याआधी, २०२३ मध्ये, मुलांचे आवाज अलेक्साने वाजवीपेक्षा जास्त काळ साठवले म्हणून ॲमेझॉनला अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरावे लागले. एवढं सगळं होऊनही मार्च २०२५ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सा चालवणाऱ्या काही 'इको' यंत्रांवरची, आवाज सर्व्हरकडे न पाठवण्याची सोय काढून टाकली. सेटिंग आज आहे ते उद्या असेलच असं धरून चालू नये, ते यासाठी.

पण माझ्या धंद्याच्या माणसाला जी गोष्ट बोचते ती वेगळी आहे. पॉलिटिको या वृत्तसंस्थेच्या एका पत्रकाराने नोव्हेंबर २०२१ मध्ये एका उइगूर कार्यकर्त्याची मुलाखत घेतली आणि ती उतरवायला एका नामांकित ॲपवर टाकली. उइगूर म्हणजे चीनमधला मुस्लिम समाज. त्यांच्यातला माणूस परदेशात बोलला तरी मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी पत्रकाराला ॲपकडून ईमेल आला. अमुक नावाचं हे जे रेकॉर्डिंग तुम्ही केलंत त्याचा उद्देश काय होता, अशी विचारणा त्यात होती, आणि फाइलचं नाव म्हणून त्या कार्यकर्त्याचं नाव जसंच्या तसं होतं. ग्राहकांचा अभिप्राय घेण्याचा हा नेहमीचाच प्रकार निघाला. असेलही. पण ओसरीवर दोघंच बोलत आहोत अशा समजुतीत बसलेल्या माणसाला, मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवून "काय चाललंय?" असं विचारावं, तसं ते झालं. पत्रकाराने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे सगळं लिहिलं. त्या लेखामुळे मी फाइलला माणसाचं नाव द्यायचं सोडलं. आता माझ्या फाइलींची नावं 'वाई-०३' अशी कोरडी असतात आणि 'वाई-०३' म्हणजे कोण ते फक्त वहीत असतं.

मीटिंगमध्ये येऊन बसणाऱ्या 'नोटटेकर'ची कथा तर विनोदीच आहे. व्हिडिओ कॉलवर हा एक चौकोन होऊन येतो, सगळं लिहून घेतो आणि संपल्यावर सर्वांना ईमेल करतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकाने जाहीरपणे सांगितलं: गुंतवणूकदारांबरोबरची त्याची बैठक संपली, तो कॉलवरून निघून गेला, मागे गुंतवणूकदार आपापसात धंद्याच्या आतल्या गोष्टी बोलत राहिले आणि त्या कित्येक तासांचं लेखी टिपण ॲपने त्याला आपोआप पाठवून दिलं. त्याने व्यवहार मोडला. चोरी कुणीच केली नव्हती. ॲपने सेटिंगप्रमाणे काम केलं होतं. पाहुणे उठून गेल्यावर यजमान काय बोलतात ते पाहुण्यांच्या घरी पोचवायचं नसतं, एवढं त्या सेटिंगला ठाऊक नव्हतं.

आता दुसरा रस्ता. तो २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उघडला, तेव्हा ओपनएआयने 'व्हिस्पर' हे मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर ते शिकवलेलं होतं. सलग ऐकायला बसलं तर ७७ वर्षं लागतील. हे सगळं ऐकून यंत्र जे शिकलं ते अखेर आकड्यांच्या एका फाइलीत बसतं. ती फाइल एकदा आपल्या संगणकावर उतरवून घेतली की पुन्हा कंपनीला विचारावं लागत नाही. दर वेळी मुहूर्त विचारायला जोशीबुवांकडे जायचं तर घरातलं काय काय त्यांना सांगावं लागतं. पंचांग विकत आणलं की दार लावून आपल्या घरात बघता येतं. व्हिस्पर म्हणजे हे पंचांग.

आणि हे पंचांग फार जाड नाही. सर्वांत लहान मॉडेल ७५ एमबीच्या आसपास, सर्वांत मोठं ३ जीबीच्या आसपास. त्याच वर्षी गेओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने ते साध्या लॅपटॉपवरही चालावं असं नव्याने लिहून 'व्हिस्पर डॉट सीपीपी' या नावाने फुकट देऊन टाकलं. आज बाजारात 'ऑफलाइन' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ॲपांच्या पोटात हेच असतं. त्याचं काम असं चालतं: आवाजाचे सेकंदाला १६,००० नमुने घ्यायचे, तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातल्या उंच-खोल स्वरांचा एक नकाशा काढायचा आणि तो नकाशा बघून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज करत जायचं. 'अंदाज' हा शब्द ध्यानात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

त्या रात्री निळं बटण न दाबता मी व्हिस्पर उतरवून घेतलं. वायफाय बंद केलं, आजींच्या मुलाखतीतली पाच मिनिटं त्याच्यापुढे ठेवली. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. मग अक्षरं उमटली आणि मी कपाळावर हात मारला. आजी म्हणाल्या होत्या 'कूळ', पडद्यावर होतं 'कूल'. 'खंडानं दिली' होतं तिथे 'खंड आनंदी ली'. मधे एक वाक्य चक्क हिंदीत. 'व्हतं', 'न्हाई', 'म्होरं' या शब्दांना तर त्याने कुठे झाडून प्रमाण मराठीत बसवलं, कुठे गाळूनच टाकलं.

यात यंत्राचा दोष कमी आणि शिकवणीचा जास्त. त्या ६,८०,००० तासांमध्ये मराठी बोलणं आणि त्याचं मराठी लेखन अशी जोडी एक तासाचीही नव्हती. हिंदीची सुमारे बारा तासांची. इंग्रजीची चार लाखांहून जास्त. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या म्हातारीची मुलाखत घरच्या लॅपटॉपवर, इंटरनेट तोडून, जवळजवळ बिनचूक उतरते. मराठी बोलणाऱ्या म्हातारीची चांगली उतरवायची तर सर्व्हरचा रस्ता, कारण मोठ्या कंपन्यांची क्लाउडवरची मराठी बरीच सुधारलेली आहे. खासगीपणा इंग्रजीला फुकट आणि मराठीला चुकांच्या भावाने मिळतो. आपल्याकडे अशा सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे बहुतेक जण इंग्रजी लेखांतले सल्ले उचलतात आणि 'ऑफलाइन वापरा' म्हणून मोकळे होतात; ही किंमत कुणी सांगत नाही, म्हणून मला इथे रेंगाळावंसं वाटलं.

किंमत उतरते आहे, हेही सांगायला हवं. आयआयटी मद्रासमधल्या 'एआय-फोर-भारत' या गटाने २०२४ मध्ये 'इंडिक-व्हॉइसेस' नावाचा आवाजांचा साठा प्रसिद्ध केला: १४५ जिल्हे, २२ भाषा, १६,२३७ माणसं आणि ७,३४८ तास. त्यातलं बहुतेक बोलणं कागदावरून वाचलेलं नाही. माणसं जशी बोलतात तसं, अडखळत, मधे इंग्रजी शब्द घुसडत बोललेलं आहे. मराठी त्यात आहेच. अशा साठ्यांवर शिकवलेली त्यांची मॉडेलं उतरवून घेता येतात आणि घरच्या यंत्रावर चालवता येतात. ती बसवायला मात्र थोडी खटपट आहे. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, एखादा भाचा हाताशी लागतो. मला मुक्कामाच्या घरातला तो मुलगा उपयोगी पडला. निळं बटण दाखवणाराही तोच होता, त्यामुळे हिशेब फिटला. दुसऱ्या दिवशीच्या प्रयत्नात 'कूळ' हे 'कूळ' असंच आलं. आजींचा 'ळ' वाचला.

सर्व्हर नको म्हणून लॅपटॉपवर काम केलं की झालं, अशा समाधानात मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी फोनमध्ये काहीतरी शोधताना दिसलं की रेकॉर्डरमधली प्रत्येक फाइल त्याच रात्री, मुक्कामाचं वायफाय मिळाल्या मिळाल्या, बॅकअपमध्ये जाऊन बसली होती. मी लॅपटॉपचं वायफाय बंद करून ऐटीत बसलो होतो तेव्हा शेजारी उशीजवळ पडलेला फोन आपलं काम चोख करत होता. ज्या कंपनीचा तो फोन, तिची यात चूक नाही. बॅकअप मीच कधीतरी चालू केला होता, फोटो जाऊ नयेत म्हणून. तेव्हापासून रेकॉर्डिंगला निघण्याआधी फोन विमान मोडवर टाकतो आणि फाइल केबलने लॅपटॉपवर घेईपर्यंत तो मोड काढत नाही. फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून लॅपटॉपवर उघडायची, ही आपली सर्वांची लाडकी युक्ती. तीही सोडली, कारण त्यातून तीच फाइल आणखी दोन-तीन ठिकाणी पडून राहते. आणि लॅपटॉप गाडीत विसरला तर? त्याच्या डिस्कला कुलूप हवं. विंडोजच्या काही आवृत्त्यांत 'बिटलॉकर' असतं, मॅकवर 'फाइलव्हॉल्ट'. एकदा चालू करायचं आणि पासवर्ड विसरायचा नाही.

एखादं ॲप 'आम्ही सगळं फोनवरच करतो' म्हणत असेल तर खरं-खोटं करायलाही विमान मोडच कामी येतो. तो लावून चार वाक्यं बोला. अक्षरं उमटली तर निदान काम फोनवर होतंय. नाहीच उमटली तर आवाज बाहेर जाणार होता हे कळलं. ही परीक्षा पुरी नाही, कारण काही ॲप नेट आल्यावर मागचं पाठवू शकतात, पण सुरुवातीला चांगली. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉइस मेसेज अक्षरांत वाचायची सोय जाहीर केली ती फोनवरच चालणारी. सुरुवातीला भाषा मोजक्या होत्या. याउलट विंडोज ११ मधलं बोलून टाइप करणं किंवा क्रोममधून गूगल डॉक्समध्ये केलेलं व्हॉइस टायपिंग इंटरनेटवाचून चालत नाही. वाण्याची यादी सांगायला ते खुशाल वापरावं. मीही वापरतो. चण्याची डाळ किती आणायची हे कुणी ऐकलं तर ऐको.

आता तो 'अंदाज'. यंत्राला शांतता सोसत नाही. समोरचा माणूस गप्प बसला, नुसता पंखा वाजत राहिला, की पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज करायची सवय त्याला गप्प बसू देत नाही आणि ते कुणी न बोललेली वाक्यं लिहून टाकतं. व्हिस्पर अशा वेळी कधी कधी 'व्हिडिओ पाहिल्याबद्दल आभार' अशा अर्थाचं लिहितं. इंटरनेटवरच्या व्हिडिओंच्या उपशीर्षकांचा तो संस्कार. हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही. २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी वाचाघात झालेल्या आणि न झालेल्या माणसांची रेकॉर्डिंग व्हिस्परपुढे ठेवली. सुमारे १ टक्का लेखनात पूर्ण मनगढंत वाक्यं सापडली, त्यातली ३८ टक्के घातक होती: नसलेली मारहाण, नसलेली औषधं. वाचाघाताचे रुग्ण बोलताना जास्त थांबतात आणि त्यांच्या लेखनात ही थापेबाजीही जास्त होती. आजी पण थांबतात. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की चांगल्या थांबतात.

इथे एक पेच पडतो. खासगीपणासाठी मूळ आवाज लवकर पुसून टाकावा असं वाटतं. वैद्यकीय क्षेत्रात डॉक्टर आणि रुग्णाचं बोलणं उतरवणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यातही कुठे सुरक्षिततेसाठी आवाज पुसून टाकण्याची पद्धत आहे. पण आवाज पुसला की यंत्राने काय मनचं घातलं ते ताडून बघायला काहीच उरत नाही. मी स्वतः असं करतो: उतरवलेलं पान न् पान आवाजाशी ताडून होईपर्यंत फाइल कुलपात ठेवायची, मग ज्याचा आवाज त्याला विचारायचं की ठेवू की पुसू. मजकुरात नाव बदलता येतं, गाव बदलता येतं. आवाजाला टोपणनाव देता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये 'व्हॅल-ई' नावाचं मॉडेल मांडलं, ते ३ सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजात बोलू शकतं. आजी तर दीड तास बोलल्या आहेत.

कायदा काय म्हणतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. घरगुती, वैयक्तिक कामाला तो लागू नाही. आत्याने सांगितलेली पुरणपोळीची कृती उतरवली तर कुणी विचारणार नाही. पुस्तकासाठी घेतलेली मुलाखत मात्र घरगुती म्हणता येत नाही. मला त्यातली एक गोष्ट जास्त छळते. ॲप उघडल्यावर 'मी सहमत आहे' हे बटण दाबतो मी. आवाज असतो आजींचा. ज्याचा आवाज त्याला ते बटण कधी दिसतच नाही.

म्हणून महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा आधी तेच काढलं. ओसरी तीच, तांब्या तोच, मोबाइल पिशवीत. सर्व्हर, क्लाउड वगैरे काही न म्हणता सांगितलं, "आजी, तुमचं बोलणं परदेशातल्या कंपनीच्या यंत्राकडे पाठवलं तर ते लगेच लिहून देतं. मी पाठवलेलं नाही. फोनने परस्पर एक प्रत पाठवली होती, ती मी काढून टाकली. बाकी घरीच लिहून काढलंय. पण पाठवायचं झालं तर तुम्हाला विचारायला हवं."

आजींनी मिश्रीचं बोट लुगड्याला पुसलं. "लिवून दिल्यावर ते बोलनं परत देतंय, का ठिवून घेतंय?"

कंपन्यांच्या गोपनीयता धोरणांची चाळीस-चाळीस पानं मी वाचलेली आहेत. त्यांत शोधायचं असतं ते एवढंच.

"काही ठेवून घेतात," मी म्हणालो.

"मंग नगं."

ती चार मिनिटं मी लॅपटॉपवरच 'ऑडॅसिटी' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कापली होती. या ऑडॅसिटीच्याच गोपनीयता धोरणावरून २०२१ मध्ये एवढा गदारोळ झाला होता की मालकांना ते बदलून लिहावं लागलं. या वाटेवर खात्रीचं असं कुणी भेटत नाही. त्यात आवाजाची लाट निळ्या डोंगररांगेसारखी दिसते. 'हे लिवू नगंस'पासून पुढचे डोंगर निवडले, डिलीट केलं, दोन्ही कडा एकमेकींना येऊन चिकटल्या. एक तास अठ्ठावीस मिनिटं उरली. मग मूळ फाइल फोनमधून, लॅपटॉपमधून, बॅकअपमधून आणि तिन्हींच्या कचरापेट्यांतून काढली. कचरापेटीही आपोआप लगेच रिकामी होत नाही, हे विसरायला होतं.

छापलेली पानं मी आजींना वाचून दाखवायला लागलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. कापलेली जागा आली तसे त्यांनी डोळे उघडले.

"हितं कायतरी ऱ्हायलं."

"तुम्हीच लिहू नको म्हणाला होतात."

आजींनी जरा आठवून बघितलं. दोन घरं पलीकडच्या छपराकडे एकदा नजर टाकली.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्होरं वाच."